‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ एरर परत परत येतोय? सॉल्व्हर बदलू नका, नक्की काय मोकळं आहे ते बघा

पायथनमध्ये स्वतःचा एफईएम (फायनाइट एलिमेंट मेथड, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे करून विस्थापन आणि ताण काढायची पद्धत) कोड लिहिणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न असतो. पुस्तकातला कॅन्टिलिव्हर बरोबर आला, हुरूप आला, मग जीमेश या मेश (तुकड्यांची जाळी) बनवणाऱ्या प्रोग्राममधून भोकवाली प्लेट आणली आणि नमपाय (पायथनची गणिताची लायब्ररी) म्हणतं ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’. मग कोणीतरी सांगतं डायगोनलवर 10⁻⁶ मिळव, कोणी सांगतं सॉल्व्हऐवजी लीस्ट स्क्वेअर वापर, कोणी म्हणतं मेश बारीक कर, आणि यातलं काहीतरी करून एरर जातो, रंगीत चित्र येतं, सबमिशन होतं. पुढच्या मॉडेलला परत तेच. कारण मुळात काय बिघडलं होतं ते कोणी बघितलेलंच नसतं.

आता सिंग्युलर म्हणजे काय ते परीक्षेतल्या व्याख्येने नाही तर मेकॅनिक्सने समजून घ्या. स्टिफनेस मॅट्रिक्स (विस्थापन आणि बल यांना जोडणारा, मॉडेलच्या कडकपणाचा तक्ता) सिंग्युलर आहे याचा अर्थ तुमच्या मॉडेलमध्ये अशी एखादी हालचाल आहे जिला शून्य ऊर्जा लागते, म्हणजे मॉडेलचा काही भाग (किंवा सगळंच मॉडेल) विरोधाशिवाय हलू शकतो. उतारावर चाकाखाली दगड न लावता सोडलेली हातगाडी, बस तेवढंच. त्यामुळे ‘मॅट्रिक्स सिंग्युलर का आला’ असं विचारण्यापेक्षा ‘काय हलतंय’ असं विचारा, आणि गंमत म्हणजे याचं उत्तर तो मॅट्रिक्स स्वतःच देतो, फक्त कोणी विचारत नाही.

एरर न येतासुद्धा तोच रोग असू शकतो हे आधी सांगतो. नमपायचा नेहमीचा सॉल्व्ह एरर तेव्हाच देतो जेव्हा पिव्होट (समीकरणं सोडवताना ज्याने भागायचं तो आकडा) तंतोतंत शून्य निघतो. डबल प्रिसिजनमध्ये राउंडिंगमुळे शून्याच्या जागी बारीकसा कचरा उरतो. स्टील धरलं, ई (स्टीलचा कडकपणा) म्हणजे 2 लाख न्यूटन प्रति चौरस मिमी, तर त्याच्या 2.2 × 10⁻¹⁶ पट म्हणजे साधारण 10⁻¹¹ च्या घरातला पिव्होट, आणि 1000 न्यूटनला त्याने भागलं की विस्थापन 10¹³ मिमीच्या आसपास. म्हणजे कोटभर किलोमीटर, चंद्र सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे, तुमची प्लेट त्याच्या पंचवीस पट लांब जाऊन आली. असं उत्तर दिसलं की ते सिंग्युलरच समजा. आणि म्हणूनच तोच कोड एकाच्या लॅपटॉपवर एरर देतो आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर अवाढव्य आकडे देतो, दोघं भांडत बसतात, दोघांचंही बरोबर असतं. सायपायचा स्पार्स सॉल्व्हर वॉर्निंग देऊन सगळं उत्तर एनएएनने (‘हा आकडाच नाही’) भरून देतो आणि ती वॉर्निंग जुपिटरच्या आउटपुटमध्ये वर कुठेतरी निघून जाते. मॅटलॅबवाल्यांना आरकाँड नावाचा (मॅट्रिक्स सिंग्युलरच्या किती जवळ आहे ते सांगणारा) आकडा दिसतो, तो 10⁻¹⁶ च्या आसपास असेल तर खाली आलेलं उत्तर वाचायचीही गरज नाही.

आधी ज्या गोष्टी लगेच बघून होतात त्या

किती डीओएफ (नोडच्या, म्हणजे मेशमधल्या बिंदूच्या, हलायच्या दिशा; 2डीत आडवी यू आणि उभी व्ही) फिक्स झाले ते प्रिंट करा. हसू नका. डावी कड फिक्स करायची म्हणून ‘एक्स बरोबर शून्य’ असे नोड शोधले जातात, आणि मेशरने दिलेला एक्स असतो 10⁻¹⁷. फ्लोटची थेट तुलना केली की यादी रिकामी येते, पायथन रिकाम्या यादीवर काही बोलत नाही, आणि मॉडेल हवेत तरंगतं. टॉलरन्स ठेवा, मॉडेलच्या लांबीच्या दहा लाखाव्या भागाएवढा वगैरे, आणि मिळालेल्या नोडची संख्या डोळ्याने बघा.

मग डायगोनलवर शून्य आहे का बघा. असेल तर तो नोड कुठल्याच एलिमेंटला जोडलेला नाही. भोकवाल्या प्लेटचं हे ठरलेलं दुखणं आहे: जीमेशमध्ये कमान काढायला वर्तुळाचा केंद्रबिंदू द्यावा लागतो, आणि फिजिकल ग्रुप (फाइलमध्ये कुठले भाग लिहायचे ते सांगणारे गट) दिलेले नसतील तर तो बिंदूही नोड म्हणून फाइलमध्ये येऊन बसतो. भोकाच्या मधोमध, हवेत, दोन डीओएफ घेऊन. कॅन्टिलिव्हरमध्ये कमान नव्हती म्हणून तिथे कधी दिसला नाही. पृष्ठभागाला फिजिकल ग्रुप द्या, आणि तरीही भरवसा न ठेवता कनेक्टिव्हिटीमध्ये (कुठल्या एलिमेंटला कुठले नोड त्या यादीत) प्रत्यक्ष वापरलेले नोड युनिक करून घ्या आणि नव्याने नंबर द्या. ही सवय लागली की अर्धे सिंग्युलर तिथेच संपतात असा माझा अनुभव आहे.

तिसरं, शून्यापासून की एकपासून. जीमेशचे नोड टॅग 1 पासून सुरू होतात आणि सलग असतीलच असं नाही. मेशिओ या मेश वाचणाऱ्या लायब्ररीने फाइल वाचली तर तो स्वतःच 0 पासून करून देतो. आता ज्याने जुन्या कोडमधून ‘उणे 1’ वाली ओळ उचललेली असते त्याचं दोनदा वजा होतं, नोड 0 चा होतो उणे 1, आणि पायथनमध्ये उणे 1 म्हणजे शेवटचा नोड. एरर नाही, काही नाही. एक कोपरा थेट दुसऱ्या टोकाच्या नोडला जाऊन चिकटतो. कनेक्टिव्हिटीतला सगळ्यात लहान आकडा 0 आणि सगळ्यात मोठा नोडसंख्या उणे 1 आहे का, एवढं एक असर्ट (अट खोटी निघाली तर कोड थांबवणारी ओळ) टाका, आणि मेश एकदा मॅटप्लॉटलिबने काढून बघा. जीमेशच्या खिडकीतली मेश बघून उपयोग नाही, तुमच्या कोडने काय वाचलं ते बघायचंय.

शून्य मोजा

वरचं सगळं ठीक असेल आणि तरी रडत असेल तर मेश ठोकळ करा, वीस-तीस एलिमेंट पुरे, बग तसाच राहतो. सपोर्ट अजिबात न लावता जोडलेला मॅट्रिक्स घ्या आणि त्याच्या सगळ्या आयगनव्हॅल्यू (प्रत्येक आकडा म्हणजे एका ठराविक हालचालीला मॉडेलचा विरोध) काढा, एवढ्या लहान मेशला डेन्स आयगव्हीएलएसएच क्षणात होतं. सगळ्यात मोठ्या आयगनव्हॅल्यूच्या 10⁻¹⁰ पटीपेक्षा लहान असेल तिला शून्य म्हणा. घाबरू नका, खरे शून्य आणि बाकीचे यांच्यात इतकी मोठी दरी असते की टॉलरन्सवर वाद घालायची वेळ सहसा येत नाही.

2डीमध्ये शून्य नेमके 3 आले पाहिजेत, दोन सरकण्याचे आणि एक फिरण्याचा. 3डीमध्ये 6. आकडा वेगळा आला तर तो आकडाच बोलतो. 2डीमध्ये 6 आले तर बहुतेक तुमचं एक मॉडेल नाहीये, दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवलेले आहेत, दिसायला चिकटलेले पण मधल्या रेषेवर नोड डबल. जीमेशमध्ये दोन पृष्ठभाग वेगवेगळे काढले आणि सामाईक कड एकच ठेवली नाही की असं होतं. 4 आले तर दोन भाग एकाच कोपऱ्यातल्या नोडवर जोडलेत, म्हणजे तिथे नकळत बिजागरी तयार झालीये. 5 आले तर बहुतेक एकतर वर सांगितलेला अनाथ नोड (त्याचे यू आणि व्ही दोन्ही मोकळे), नाहीतर तुम्ही चार नोडच्या क्वाडला (चौकोनी एलिमेंटला) एकच गॉस पॉइंट (एलिमेंटच्या आत जिथे स्ट्रेन काढून स्टिफनेसची बेरीज करतात तो बिंदू) दिलाय. 2डीत 3 पेक्षा कमी आले तर ते आणखी वाईट, म्हणजे तुमचा एलिमेंट साध्या सरकण्याला किंवा फिरण्यालाही विरोध करतोय, बी मॅट्रिक्स (विस्थापनावरून स्ट्रेन काढणारा) चुकलाय किंवा डीओएफचा क्रम.

आता मुख्य काम. नुसत्या व्हॅल्यू काढून थांबू नका, त्या शून्यांचे आयगनव्हेक्टर (त्या हालचालींचे आकार) घ्या आणि विकृत मेश म्हणून प्लॉट करा. सपोर्ट लावलेल्या मॅट्रिक्सवर हे केलंत तर अजूनच सोपं, कारण तिथे एकही शून्य यायला नको, आणि जो येईल तो थेट गुन्हेगार. चित्रात जे हलतंय तेच मोकळं आहे. एकटा नोड उडालेला दिसेल, अर्धी प्लेट सरकलेली दिसेल, नाहीतर सगळे एलिमेंट आलटून पालटून डमरूसारखे झालेले दिसतील. पन्नास प्रिंट स्टेटमेंट टाकून जे कळत नाही ते या एका चित्रात कळतं, आणि तरी हे कोणी करत नाही, का ते मला खरंच समजलेलं नाही. मोठी मेश असेल आणि ठोकळ करता येत नसेल तर सायपायचा ईआयजीएसएच वापरा, फक्त सिग्मा शून्य देऊ नका, कारण मग तो आतून तोच सिंग्युलर मॅट्रिक्स सोडवायला जातो आणि तिथेच आपटतो. सिग्मा किंचित ऋण द्या, डायगोनलच्या कमाल किमतीच्या दहा लाखाव्या भागाएवढा, आणि सहा-आठ मोड मागा.

सपोर्टबद्दल एक. 2डीत तीन सपोर्ट दिले म्हणजे झालं असं नाही. तीनही रोलर असतील आणि त्यांच्या रिअॅक्शनच्या रेषा समांतर असतील किंवा एकाच बिंदूतून जात असतील तर एक हालचाल उरतेच, हे आपण स्ट्रक्चरच्या पहिल्या सेमला शिकलेलो असतो आणि कोड लिहिताना विसरतो. सिमेट्रीत पण तेच: चौथाई प्लेटला डाव्या कडेवर यू शून्य आणि खालच्या कडेवर व्ही शून्य दिलं की पुरतं, पण अर्धी प्लेट घेऊन नुसतं यू शून्य दिलं तर ती व्हीमध्ये मस्त घसरते.

एकटा एलिमेंट तपासा, पण त्यावर थांबू नका

चार नोडच्या क्वाडला 8 डीओएफ. 2 बाय 2 गॉस घेतलं तर 3 शून्य, 5 धन, असं आलंच पाहिजे. एकच गॉस पॉइंट घेतला तर फक्त 3 धन येतात कारण एका पॉइंटवर तीनच स्ट्रेन आहेत, उरलेले 5 शून्य, त्यातले 3 खरे आणि 2 अवरग्लास (एलिमेंट डमरूसारखा होतो पण गॉस पॉइंटला स्ट्रेन शून्यच दिसतो अशा खोट्या हालचाली). आठ नोडच्या क्वाडला 16 डीओएफ, 3 बाय 3 ला 13 धन, 2 बाय 2 ला 12, म्हणजे एक जास्तीचा शून्य. 3डी आठ नोडच्या ब्रिकला 24 डीओएफ, 2 बाय 2 बाय 2 ला 18 धन, एका पॉइंटला फक्त 6, म्हणजे 12 अवरग्लास. अवरग्लासचा त्रास असा की तो सपोर्टवर अवलंबून दिसतो किंवा लपतो. क्वाडची नेहमीची आयताकृती मेश आणि एक अख्खी कड जाम केलेली असेल तर तो बहुतेक दबून जातो, म्हणून कॅन्टिलिव्हर चालतो, आणि तीच मेश एक पिन आणि एक रोलरवर ठेवली की सिंग्युलर. लोक मग रोलरच्या कोडमध्ये बग शोधत बसतात.

एक गॉस पॉइंट लोक का घेतात तेही माहितीये, 2 बाय 2 ने बेंडिंगमध्ये क्वाड भयंकर कडक येतो. पॉयसन गुणोत्तर शून्य धरून एकच लांबुळका एलिमेंट शुद्ध बेंडिंगमध्ये टाकला तर तो खऱ्यापेक्षा 1 अधिक लांबी-उंचीच्या गुणोत्तराच्या वर्गाच्या निम्म्याइतका पट कडक असतो, 10 ला 1 असेल तर 51 पट. हे शिअर लॉकिंग. पण त्यावरचा इलाज अवरग्लास कंट्रोल (त्या खोट्या हालचाली रोखणारा कोड) न लिहिता रिड्यूस्ड इंटिग्रेशन (कमी गॉस पॉइंट घेणं) करणं हा नाही, आठ नोडचा क्वाड घ्या नाहीतर इनकम्पॅटिबल मोडवाला (वाकण्याचे जादा आकार घातलेला) लिहा.

जेकोबियनचा (आदर्श चौकोनावरून खऱ्या एलिमेंटचा आकार कसा झाला ते सांगणाऱ्या मॅट्रिक्सचा) डिटरमिनंट प्रत्येक गॉस पॉइंटला धन आहे का हे असर्टने बघा, आणि अॅब्सोल्यूट व्हॅल्यू घेऊन गप्प बसवू नका. नोड घड्याळाच्या दिशेने असतील तर डिटरमिनंट ऋण, सगळेच एलिमेंट तसे असतील तर पूर्ण मॅट्रिक्सचं चिन्ह उलटतं आणि बीम लोडच्या विरुद्ध दिशेला वर वाकतो, आकडा मात्र तंतोतंत बरोबर! थोडेच उलटे असतील तर आयगनव्हॅल्यू ऋण यायला लागतात. 2डीत जीमेशमध्ये कर्व्ह लूप कुठल्या दिशेने दिलाय त्यावर हे ठरतं. अॅब्सोल्यूट घेतलं तर नुसती दिशा उलटी असेल तेव्हा उत्तर सुधारतं हे खरं, पण 1-2-4-3 असा गुंतलेला क्रम असेल तर तो कायमचा लपतो.

आता एक असा बग जो एकट्या एलिमेंटच्या चाचणीत कधीच सापडत नाही. बी मॅट्रिक्स लिहिताना क्रम घेतला यू1 यू2 यू3 यू4 व्ही1 व्ही2 व्ही3 व्ही4, आणि असेंब्लीत (सगळे एलिमेंट जोडून मोठा मॅट्रिक्स करताना) गृहीत धरला यू1 व्ही1 यू2 व्ही2. एलिमेंटच्या आयगनव्हॅल्यू क्रम बदलल्याने बदलत नाहीत, त्यामुळे 3 आणि 5 असं सुंदर येतं, आणि जोडलेला मॅट्रिक्स मात्र वेडा. यासाठी सपोर्ट न लावलेल्या मॅट्रिक्सला तीन व्हेक्टरने गुणून बघा: सगळे यू 1 बाकी शून्य, सगळे व्ही 1 बाकी शून्य, आणि फिरणं म्हणजे यू बरोबर उणे वाय, व्ही बरोबर एक्स. तिन्ही वेळा उत्तर राउंडिंगपुरतं शून्य यायला पाहिजे. तीन ओळींचा कोड आहे, प्रत्येक रनला चालू ठेवला तरी काही बिघडत नाही.

असेंब्लीचा अजून एक. वेग वाढवायला लोक लूप काढून टाकतात आणि सगळ्या रो, कॉलम, व्हॅल्यू एकत्र देऊन नमपायच्या अॅरेत ‘अधिक बरोबर’ करतात. तिथे एकच जागा दोनदा आली तर बेरीज होत नाही, शेवटची किंमत तेवढी टिकते. म्हणजे सामाईक नोडवर शेजाऱ्यांचा स्टिफनेस गायब. एनपी अॅड अॅट वापरा, किंवा सरळ सायपायचा सीओओ करून सीएसआरमध्ये (दोन्ही स्पार्स मॅट्रिक्स साठवायच्या पद्धती) बदला, तिथे डुप्लिकेट आपोआप मिळवले जातात. पकडायची युक्ती: जोडलेल्या मॅट्रिक्सच्या डायगोनलची बेरीज ही सगळ्या एलिमेंटच्या डायगोनलच्या बेरजांएवढीच आली पाहिजे. नाही आली तर काहीतरी सांडलंय.

‘डायगोनलवर थोडंसं मिळव’ याचं काय

हा सल्ला देणाऱ्याला एवढंच विचारा की मिळवलेल्या 10⁻⁶ चं एकक काय. तुम्ही प्रत्येक नोडला जमिनीशी एक लेचीपेची स्प्रिंग बांधताय. अनाथ नोड असेल तर उत्तर बरोबरही येईल कारण त्याच्यावर लोडच नाही, पण प्लेट खरंच मोकळी असेल तर ती त्या स्प्रिंगांवर झोके घेत राहील आणि विस्थापन तुम्ही निवडलेल्या आकड्यावर ठरेल. लीस्ट स्क्वेअर किंवा पीइन्व्ह (स्यूडो-इन्व्हर्स) जरा बरं, ते सगळ्यात लहान नॉर्मचं उत्तर देतात, आणि मॉडेल पूर्ण मोकळं असून लोड आपसात संतुलित असेल तर स्ट्रेस खरोखर बरोबर मिळतो. पण लोड संतुलित नसेल तरीही ते गुपचूप काहीतरी देतात, आणि मग रिअॅक्शनची बेरीज लोडएवढी येत नाही. ती बेरीज मात्र कायम बघत जा.

पेनल्टी पद्धतीने (डायगोनलवर प्रचंड आकडा मिळवून डीओएफ जाम करून) सपोर्ट देत असाल तर एका डीओएफवर 10²⁰ चालून जातं, तिथे काही सांडत नाही. दोन डीओएफ एकमेकांना बांधायला तीच किंमत वापरली की मामला बिघडतो, कारण 10²⁰ च्या शेजारी 10⁵ चा खरा स्टिफनेस सोळा आकड्यांत बसतच नाही, दोन्ही 10²⁰ एकमेकांना कापतात आणि खाली कचरा उरतो. सगळ्यात मोठ्या डायगोनलच्या 10⁴ ते 10⁶ पट घ्या, किंवा ती समीकरणं सरळ एलिमिनेट करा.

ट्रसवाल्यांसाठी थोडक्यात: 2डी ट्रस 3डी कोडमध्ये घातला तर झेड दिशा मोकळी असते, सगळ्या नोडचा झेड बांधा. फ्रेममध्ये एका नोडला येणाऱ्या सगळ्याच मेंबरना तिथे हिंज दिला तर त्या नोडचं फिरणं कोणाच्याच मालकीचं राहत नाही, एक मेंबर रिजिड ठेवा.

हे सगळं निस्तरलं की पॅच टेस्ट करा, ब्रूस आयर्न्सची, साठच्या दशकातली आहे पण अजून तिला तोड नाही. चार-पाच वेडेवाकडे क्वाड, बाहेरच्या नोडना लिनियर विस्थापन, आतल्या नोडने त्याच रेषेवर यायचं आणि सगळ्या गॉस पॉइंटला एकच स्ट्रेस. स्ट्रेसचा आकडा हाताने काढलेल्याशी जुळवा, नुसतं विस्थापन बघू नका, कारण शिअर स्ट्रेन निम्मा लिहिण्याची जी लाडकी चूक आहे ती विस्थापनात दिसतच नाही. मग भोकवाली प्लेट: कडेला लावलेल्या ताणाच्या 3 पट, हे किर्शने 1898 सालीच काढून ठेवलंय, पण अनंत प्लेटसाठी, त्यामुळे भोक प्लेटच्या रुंदीच्या दहाव्या भागाएवढं किंवा लहान घ्या नाहीतर 3 पेक्षा वर आकडा येईल आणि परत बग शोधत बसाल.

नॉनलिनियर कोडमध्ये (जिथे लोड टप्प्याटप्प्याने वाढतो आणि स्टिफनेस बदलत जातो) मात्र पहिल्या काही लोड स्टेपला सगळं ठीक आणि नंतर अचानक सिंग्युलर आला तर वरचं काहीच लागू नसेल. आधी तेच आयगनव्हेक्टरचं चित्र काढा, शेवटच्या कन्व्हर्ज झालेल्या स्टेपच्या टँजंट मॅट्रिक्सचं (त्या क्षणाच्या स्टिफनेसचं), सगळ्यात लहान आयगनव्हॅल्यूचं. त्यात कॉलम बाजूला वाकताना किंवा उथळ कमान खाली बसताना दिसली तर कोड बरोबर आहे, स्ट्रक्चरच बकल होतंय (दाबाखाली अचानक वाकतंय), तिथे टँजंट खरोखर शून्याकडे जातो. उथळ कमानीला लोडऐवजी विस्थापन वाढवत न्या किंवा आर्क-लेंग्थ (लोड आणि विस्थापन दोन्ही एकत्र पुढे नेणारी पद्धत) लिहा. सरळ कॉलमला आधी लांबीच्या हजाराव्या भागाएवढा बाक द्या आणि आलेला लोड ऑयलरच्या बकलिंगच्या सूत्राशी ताडून बघा.